ठाण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये जुन्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे टॅपेट (म्हणजे व्हॉल्व्हचा गॅप) स्वतः सेट करता येतील का?

येतील, आरामात. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना करा. प्लग काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूहळू ढकला, इंजिन फिरतं. आता नऊचा हिशेब, म्हणजे दोन व्हॉल्व्हच्या नंबरांची बेरीज नऊ: आठवा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला की पहिला सेट करायचा, सातवा उघडला की दुसरा, असं पुढे. रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारा दांडा) आणि व्हॉल्व्हच्या टोकामधला गॅप ०.०१५ इंच. फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) किंचित अडकत सरकली पाहिजे. लॉकनट आवळताना गॅप हमखास बदलतो, म्हणून परत मोजा. थोडा आवाज राहिला तरी चालेल. आवाजाच्या धास्तीने घट्ट केलेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह मात्र जळतो. घोडबंदर रोडला राहत असाल तर व्हॉल्व्हवरचं कव्हर काढण्याआधी वरची धूळ पुसा. कव्हरचं गॅस्केट नवीनच लावा.