वाचकांचे प्रश्न : केनियातील शाळेला पुस्तके पाठवावीत का?

प्रश्न : मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. माझी भाची पतीच्या नोकरीनिमित्त केनियातील किसुमू येथे राहते. तिच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचे गाव बुसियाच्या बाजूला, युगांडाच्या सीमेजवळ आहे. तेथील प्राथमिक शाळेत चार-पाच मुलांत मिळून एकच पुस्तक असते, असे भाचीने कळवले. आमच्या भिशी मंडळातील बारा जणींनी वर्गणी काढून त्या शाळेला इंग्रजी पाठ्यपुस्तके पाठवायचे ठरवले आहे. आपल्याकडे मेळघाट असताना आफ्रिकेत कशाला जायचे, असा एका मैत्रिणीचा आक्षेप आहे. आपले मत कळवावे. (एक वाचक, सातारा)

उत्तर : पाठ्यपुस्तके पाठवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे, मदतीचा विचार मात्र मुळीच सोडू नये. आपण ज्या बुसिया भागाबद्दल लिहिले आहे, तेथील ग्रामीण शाळांमध्ये नेमका हाच प्रयोग होऊन गेला आहे. १९९६ साली तेथे काम करणाऱ्या एका डच संस्थेने पंचवीस शाळांना सरकारमान्य पाठ्यपुस्तके दिली आणि पुस्तके न मिळालेल्या शाळांशी त्यांची तुलना पॉल ग्लेव्ह, मायकेल क्रेमर आणि सिल्वी मुलँ या अर्थशास्त्रज्ञांनी काही वर्षे केली. पुस्तक हाती आले की मुलांचे गुण वाढतील, ही सर्वांचीच अपेक्षा होती. पण सरासरी गुण वाढले नाहीत, आणि जी मुले आधीपासूनच वर्गात पुढे होती, तेवढ्यांनाच पुस्तकांचा उपयोग झाला.

याचे कारण आपल्यासारख्या शिक्षिकेला चटकन पटेल. पुस्तके इंग्रजीत होती आणि त्या मुलांच्या घरी लुह्या किंवा टेसो भाषा बोलली जात होती. त्यांच्यासाठी स्वाहिली ही दुसरी भाषा आणि इंग्रजी ही बहुतेकांची तिसरी. घरी फक्त भिली बोलणाऱ्या नंदुरबारच्या मुलापुढे, त्याला मराठी अक्षरओळखही नीट झालेली नसताना, चौथीचे इंग्रजी पुस्तक ठेवले तर काय होईल, याची कल्पना करून पाहावी. पुस्तक कोरे करकरीत राहते आणि मुलाची मात्र आपल्याला काही येत नाही, अशी समजूत होऊन बसते. शिवाय केनियाने २०१७ पासून टप्प्याटप्प्याने नवा अभ्यासक्रम आणला आहे, त्यामुळे भारतातून विकत घेतलेली पुस्तके तेथील वर्गात फारशी जुळणारही नाहीत.

त्याच भागात १९९८ मध्ये आणखी एक काम सुरू झाले. पंचाहत्तर शाळांतील सुमारे तीस हजार मुलांना टप्प्याटप्प्याने जंतनाशक गोळ्या देण्यात आल्या. त्या परिसरात दहांपैकी नऊ मुलांच्या पोटात कोणत्या ना कोणत्या प्रकारचे जंत होते. व्हिक्टोरिया सरोवराच्या पाण्यात वावरणाऱ्या मुलांना शिस्टोसोमा या रक्तातील कृमींचाही त्रास होता. क्रेमर आणि एडवर्ड मिगेल यांच्या २००४ च्या निबंधानुसार गोळ्या दिलेल्या शाळांतील गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली. परीक्षेतील गुण मात्र वाढले नाहीत. २०१५ मध्ये इतर संशोधकांनी मूळ आकडेमोड पुन्हा तपासली, तेव्हा तीत काही चुका आढळल्या आणि गोळ्या न मिळालेल्या दूरच्या शाळांनाही फायदा झाल्याचा मूळ निबंधातील निष्कर्ष कमकुवत ठरला. या विषयावर तज्ज्ञांत आजही मतभेद आहेत आणि ते आपल्यापासून लपवणे योग्य होणार नाही. तरीही दरवर्षी एका मुलामागे अर्ध्या डॉलरहून कमी खर्चात जंतांचा त्रास दूर होत असेल, तर ते करण्यासारखेच आहे, असे मला वाटते. आपली नातवंडे शाळेत किंवा अंगणवाडीत जात असतील, तर १० फेब्रुवारीच्या राष्ट्रीय जंतनाशक दिनी मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी आपल्या परिचयाची असेलच.

मूल शाळेत येऊ लागल्यावर त्याला वाचता कसे येईल, हा प्रश्न उरतो, आणि त्याच्या उत्तरातच आपल्या मैत्रिणीच्या आक्षेपाचेही उत्तर आहे. १९९० च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’ या संस्थेचे काम सुरू झाले. वस्तीतल्याच तरुण मुली ‘बालसखी’ म्हणून मागे पडलेल्या मुलांना शिकवू लागल्या. मूल कितवीत आहे हे बाजूला ठेवून त्याला अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट यांपैकी काय वाचता येते, हे प्रत्येकाला जवळ बसवून तपासायचे आणि सारख्या पातळीच्या मुलांचे गट करून रोज ठरावीक वेळ शिकवायचे, अशी ही पद्धत पुढे विकसित झाली. हीच पद्धत २०१६ पासून झांबियात ‘कॅच अप’ या नावाने, तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी, स्थानिक भाषांतून राबवली जात आहे. त्याआधी, २००९ च्या सुमारास, ‘असर’ या भारतीय पाहणीच्या धर्तीवर केनिया, टांझानिया आणि युगांडात घरोघरी जाऊन मुलांचे वाचन तपासणारी ‘उवेझो’ ही चळवळ उभी राहिली. स्वाहिलीत या शब्दाचा अर्थ क्षमता असा होतो. मुंबईच्या गल्लीतून निघालेली कल्पना झांबियातील खेड्यात पोहोचत असेल, तर मेळघाट आणि बुसिया यांपैकी एकाचीच निवड करावी लागते, हे मला मान्य नाही. मैत्रिणीने मेळघाटासाठी वर्गणी काढली, तर तीतही आपण जरूर सामील व्हावे.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते लिहितो. प्रथम भाचीमार्फत त्या शाळेच्या मुख्याध्यापकांना आणि व्यवस्थापन समितीला दोन प्रश्न विचारावेत : चौथीतील किती मुलांना आपल्या घरच्या भाषेतील किंवा स्वाहिलीतील साधा परिच्छेद वाचता येतो, आणि जी मुले वारंवार गैरहजर राहतात, ती कशामुळे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हिवताप असेल, पाणी आणण्याचे काम असेल किंवा मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह नसणे असेल. ते कळल्याशिवाय पैसे कशावर खर्च करायचे, हे साताऱ्यात बसून ठरवता येणार नाही. पुस्तकेच द्यायची इच्छा असेल, तर ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ या उपक्रमात स्वाहिली आणि इतर अनेक स्थानिक भाषांतील बालगोष्टी विनामूल्य उपलब्ध आहेत. शिक्षकांनी त्यांतून निवड करावी आणि छपाई केनियातच करून घ्यावी; टपालखर्च वाचेल आणि तेथील छापखान्याला कामही मिळेल. पैसे पाठवताना हे लक्षात असावे की परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर येथे करसवलत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या व्यापारी मित्रमंडळाने पूर्व आफ्रिकेतील एका ग्रामीण दवाखान्याला औषधी मच्छरदाण्या पुरवण्याचे ठरवले आहे. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत राहत नाही, म्हणून गर्भवतींकडून नाममात्र पैसे घ्यावेत, असे निम्म्या सभासदांना वाटते. (एक औषधविक्रेते, कोल्हापूर)

उत्तर : व्यापारात हा विचार बरोबर असेल, मच्छरदाणीच्या बाबतीत तो खरा ठरलेला नाही. पश्चिम केनियातील गर्भवतींच्या तपासणी दवाखान्यांत जेसिका कोहेन आणि पास्कलिन ड्युपास यांनी हाच मुद्दा पारखला. काही दवाखान्यांत मच्छरदाणी मोफत दिली, तर काही ठिकाणी वेगवेगळी अल्प किंमत लावली. किंमत शून्यावरून ०.६० डॉलरपर्यंत नेताच मच्छरदाणी घेणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण साठ टक्के बिंदूंनी घसरले. पैसे देऊन घेणाऱ्या स्त्रिया ती अधिक वापरतात, असेही दिसले नाही. मोफत मिळालेल्या मच्छरदाण्याही तितक्याच निगुतीने बांधल्या जात होत्या.

सरोवराकाठी काही ठिकाणी मच्छरदाण्या मासेमारीसाठी वापरल्या जातात, ही गोष्ट खरी आहे. पण त्यावरून सगळ्या गावाला किंमत लावणे अन्यायाचे होईल. २०२३ मध्ये जगभरात हिवतापाने सुमारे ५,९७,००० मृत्यू झाले आणि त्यांतील ९५ टक्के आफ्रिकेत, बहुतांश पाच वर्षांखालील बालकांचे होते. औषधी मच्छरदाणीवर बसलेला डास मरत असल्याने तिचा लाभ शेजारच्या घरालाही होतो. ज्या आईकडे तेवढे सुटे पैसे नाहीत, तिच्याच घरी ती पोहोचायला हवी. म्हणून मच्छरदाण्या मोफतच द्याव्यात आणि त्या साधारण तीन वर्षांनी बदलाव्या लागतात, हे धरूनच निधी बाजूला ठेवावा.

प्रश्न : माझी इंटर्नशिप नुकतीच पूर्ण झाली आहे. मलावीतील खेड्यांत दोन आठवड्यांच्या वैद्यकीय शिबिरासाठी जावे का? (एक डॉक्टर, पुणे)

उत्तर : आपला उत्साह मला मोलाचा वाटतो, म्हणूनच मनापासून सांगावेसे वाटते की दोन आठवड्यांसाठी जाऊ नये. तेथे आपल्याला चिचेवा भाषा येणार नाही. रक्तदाब किंवा अपस्मार यांवरची गोळी सुरू करून आपण परत याल आणि महिन्याभराने ती संपल्यावर रुग्णाने कोणाकडे जायचे, हे कोणीच ठरवलेले नसेल. मलावीत सरकारी वेतनावरचे आरोग्य निरीक्षण साहाय्यक खेड्यांत काम करतात. सुमारे हजार लोकवस्तीमागे एक साहाय्यक असावा, असे तेथील उद्दिष्ट असून लहान मुलांचा हिवताप, अतिसार आणि न्यूमोनिया यांवर ते गावातच उपचार करतात. गावातील प्रशिक्षित माणूस न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देऊ शकतो आणि त्यामुळे बालमृत्यू घटतात, हे डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतील कामातून १९९० मध्येच दाखवून दिले होते.

आपण वर्षभर राहू शकत असाल, तर तेथील वैद्यक परिषदेकडे नोंदणी करून एखाद्या ग्रामीण रुग्णालयात जावे आणि या साहाय्यकांच्या प्रशिक्षणात व देखरेखीत हातभार लावावा. वर्षभर जाणे शक्य नसेल, तर विमानाच्या तिकिटाची रक्कम त्या रुग्णालयाला पाठवावी. साहाय्यकांच्या सायकली दुरुस्त करणे आणि औषधांचा साठा गावापर्यंत वेळेवर पोहोचवणे यांवर ती खर्च करता येईल का, हे आधी पत्राने विचारून घ्यावे.