वहीतले आणि छापण्याचे

प्रिय मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

दादाच्या आत्महत्येवर लिहिलेली तुझी आठ पाने मिळाली. उत्तराला तीन आठवडे लागले, कारण माझा धाकटा भाऊ १९९४ मध्ये असाच गेला आणि आमच्या घराने पुढे कित्येक वर्षे पाहुण्यांना ‘हार्ट अटॅक’ एवढेच सांगितले. तू वर्षाच्या आत जे उघडपणे लिहिलेस, ते मला पन्नाशी उलटेपर्यंत जमले नव्हते.

तरीही ही पाने आहेत तशी छापायला देऊ नकोस. वहीतले लेखन वेगळे आणि छापण्याचे वेगळे. वहीत देवावर, डॉक्टरवर, खुद्द दादावर हवे तेवढे चिडून घे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटे आयुष्यातल्या आघातांविषयी लिहायला लावले, तेव्हा मनातले सगळे ओतणारी मुले लिहून उठताना अधिकच खिन्न होत, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. तेव्हा लिहिताना रडू आले तर घाबरू नकोस; मात्र झोप आणि जेवण तुटले, तर वही मिटून समुपदेशकाकडे जा.

छापायचे असेल तर वाचकांत कोणीतरी आज त्याच काठावर उभे आहे असे धरून चालावे लागते. मी उपसंपादक होतो. साधन, जागा आणि एकच एक कारण मथळ्यात कोंबण्यात आम्ही तरबेज होतो. पुढे माझ्या भावाची बातमीही तशीच तीन ओळींत आली, आणि ती लिहिणाऱ्याला बोल लावायला मला तोंड उरले नव्हते. जागतिक आरोग्य संघटना पत्रकारांना नेमके हेच टाळायला सांगते, आणि भारतीय प्रेस कौन्सिलनेही २०१९ मध्ये त्याच धर्तीची तत्त्वे स्वीकारली. म्हणून ती खोली, ती वेळ आणि चिठ्ठीतले शब्द असलेले तुझे पाचवे पान वहीतच राहू दे. ‘नोकरी गेली म्हणून’ हेही काढ. त्याआधी दोन वर्षे त्याला धड झोप नव्हती, असे तूच दुसऱ्या पानावर लिहिले आहेस. ‘जीवनयात्रा संपवली’ हा शब्दप्रयोग तर मला सहनच होत नाही, त्याने मरणाला वारीचे तेज चढते. तिसऱ्या पानावरचे करपलेले पोहे मात्र वाढव. दादा तिथे जिवंत आहे, इतरत्र तो नुसते उदाहरण झाला आहे.

लेख आला की अनोळखी माणसे रात्री-अपरात्री तुला लिहू लागतील. उत्तर जरूर दे, पण त्यांची डॉक्टर होऊ नकोस. ‘टेली-मानस’ या मानसिक आधाराच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक पाठ ठेव, ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते. कोणी जिवावर उदार झाले आहे असे वाटले, तर त्याच्या घरच्यांना कळव, मग तो रागावला तरी चालेल.

गावोगावी बोलायला जाशील तेव्हा कायदाही सांग. पोलीस केसच्या भीतीने आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसालाही घरचे इस्पितळात नेताना कचरतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम ११५ अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरते, म्हणून तिला शिक्षा करत नाही, आणि तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकते. तालुक्याच्या ठिकाणी हे आजही फार थोड्यांना ठाऊक आहे.

एक राहिले. या पानांत आई चार वेळा येते आणि चारही वेळा गप्प आहे. छापण्याआधी तिला वाचून दाखव. ती नको म्हणाली, तर तिच्यापुरता मजकूर गाळ, वाद घालू नकोस. दादाचे वर्षश्राद्ध होऊन जाऊ दे, मग दुसरा खर्डा पाठव. पेन्सिलीच्या खुणा केलेली पाने सोबत जोडली आहेत.

तुझा,
काका