टर्नटेबलसाठी स्वस्तातला फोनो प्रीअँप कोणता घ्यावा? (कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ई; पुढे ॲक्टिव्ह, म्हणजे आतच अँप असलेले स्पीकर)

आर्ट कंपनीचा 'डीजे प्री टू' घ्या. हात फारच आखडता असेल तर बेहरिंजरचा 'पीपी४००'ही चालेल. तुमची कार्ट्रिज एमएम (मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे हलत्या चुंबकाच्या) प्रकारची आहे, तिचा सिग्नल जेमतेम ४ मिलिव्होल्ट. तो साधारण १०० पट (४० डेसिबल) वाढवायचा आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम दाबलेला बास व चढवलेला ट्रेबल पूर्ववत करायचा, एवढंच प्रीअँपचं काम. साध्या सर्किटलाही ते नीट जमतं. उरलेले पैसे सुईवर घाला. तुमच्याच कार्ट्रिजवर व्हीएम९५एमएलची सुई थेट बसते आणि तो फरक कानाला खरंच कळतो.

आर्टच्या डबीत तीन गोष्टी कामाच्या:
- गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते ठरवायचं बटण.
- लो-कट फिल्टर. रेकॉर्ड वाकलेली असली की वूफरचा पडदा गाणं नसतानाही पुढे-मागे हलताना दिसतो, ते थांबतं.
- १००/२०० पिकोफॅरडचा स्विच, म्हणजे कार्ट्रिजपुढचा कपॅसिटन्स (विद्युतभार साठवण्याची क्षमता) निवडायचा. तो १०० वरच ठेवा, कारण केबलच्या कपॅसिटन्सची भर पडतेच.

टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर प्रीअँपच्या स्क्रूला जोडायला विसरू नका, नाहीतर एकसारखी घूं ऐकत बसाल.

मात्र खरेदीआधी टर्नटेबलच्या मागे 'फोनो/लाइन' असा स्विच आहे का बघा. असेल तर प्रीअँप आतच आहे. 'लाइन'वर टाकून थेट स्पीकरला जोडा. बाहेरचा लावायचा झाला तर मात्र स्विच 'फोनो'वरच हवा. दोन प्रीअँप एकामागे एक लागले की आवाज फाटतो.