मेसेज पुढे पाठवला नाही, म्हणून असं झालं का?

"मॅडम, हे सगळं खोटं असतं ते कळतं हो मला. पण नाही पाठवला आणि काही झालं तर?"

इंदूरमधल्या माझ्या समुपदेशन कक्षात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता त्यावर लिहायलाच हवं. सुदामा नगरच्या आजी ते म्हणतात, राजेंद्र नगरातली इंजिनियर सून म्हणते, बँकेतून निवृत्त झालेले काका आवाज खाली आणून म्हणतात. 'देवाचा हा फोटो ११ जणांना पाठवा, आठ दिवसांत शुभवार्ता कळेल. दुर्लक्ष केलंत तर मोठं नुकसान होईल.' असा मजकूर पूर्वी पोस्टकार्डावर यायचा, मग ई-मेलनं येऊ लागला, आता व्हॉट्सअॅपवर येतो. पाठवणारी असते बालमैत्रीण, भजनी मंडळातली सखी, नाहीतर नणंद. अनोळखी माणसाचं पत्र फाडून टाकता येतं, मायेच्या माणसाचं फाडवत नाही. म्हणून हे ओझं वाढत जातं.

एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीनं आणि तपशील बदलून सांगते. वय साठीच्या पुढे, शिक्षिका म्हणून निवृत्त. घरात दत्तभक्ती, संध्याकाळची करुणात्रिपदी कधी चुकत नाही. मुलगी त्यांना घेऊन आली, कारण आई मध्यरात्रीपर्यंत फोन हातातून सोडत नव्हती.

त्यालाही एक कारण होतं. व्हॉट्सअॅपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० पासून तर दुहेरी बाणाचा, म्हणजे खूप फिरून आलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जातो. अफवांना आळा बसावा म्हणून केलेली ही सोय. या बाईंना मात्र तिच्यामुळे अकरा जणांसाठी अकरा वेळा तेच करत बसावं लागे. वहीत नावं लिहून पुढे खुणा करायच्या. ज्याच्याकडे तो मेसेज आधीच गेला असेल त्याला मोजायचं की नाही, यावर पुन्हा विचार.

मुलगी 'अंधश्रद्धा' म्हणून चिडायची, जावई विज्ञानाचे व्हिडिओ दाखवायचा. परिणाम एवढाच झाला, की बाई वही लपवून ठेवू लागल्या.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीनं काम करते. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५ च्या सुमारास मांडली. घटनेपेक्षा त्या घटनेबद्दल आपण मनाशी जे बोलतो तेच आपल्याला जास्त छळतं, हे तिचं सार. त्यामुळे देव आहे की नाही, मेसेज खरा की खोटा, या वादात मी शिरलेच नाही. एवढंच विचारलं, "पाठवला नाही, असं कधी झालंय?"

त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. "एकदा. घाईत होते, डिलीट केला. आणि पाचव्या दिवशी यांना अटॅक आला."

"मग?"

"मग काय मॅडम. यांच्या छातीवर मीच पाय दिला."

शेजारी बसलेली मुलगी थक्क होऊन आईकडे बघत राहिली. बाबांच्या आजारपणात दवाखाना, बिलं, पथ्यपाणी या सगळ्याबद्दल घरात बोलणं झालं होतं. आई स्वतःला गुन्हेगार समजते आहे, याची कोणालाच गंधवार्ता नव्हती. कारण त्या मेसेजवर सगळे हसत होते, आणि हसणाऱ्यांपुढे कोण असलं काही कबूल करणार?

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"तीन नसांमध्ये ब्लॉकेज."

"ते पाच दिवसांत साचलं?"

"नाही हो. वर्षानुवर्षं साचत असतं म्हणाले. यांना चौदा वर्षांपासून शुगर. फिरणं बंद केलेलं. तंबाखू तर सांगून सांगून थकले मी." त्या बोलत गेल्या आणि मध्येच थांबल्या. आपण काय बोलतोय ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं होतं.

पण पटलं म्हणून भीती गेली, असं होत नाही. पुढच्या भेटीत म्हणाल्या, "दिवसा सगळं पटतं. रात्री साडेअकरा वाजले की हात आपोआप फोनकडे जातो." हे स्वाभाविक आहे. पाठवलं की सुटल्यासारखं वाटतं, आणि 'पाठवलं म्हणूनच आजचा दिवस बरा गेला' अशी मनाची समजूत होते. तीच समजूत उद्याच्या भीतीला खतपाणी घालते.

मग त्यांनीच खरी गाठ दाखवली. "आदित्यराणूबाईच्या कहाणीतही राणीनं कहाणी ऐकली नाही, तर दारिद्र्य आलंच ना? लहानपणापासून श्रावणात ऐकत आलेय मी."

मी म्हटलं, "पहिल्यापासून सांगा ना ती कहाणी."

शिक्षिकाच त्या, छान रंगवून सांगू लागल्या. रानात गेलेला ब्राह्मण (ती राणी म्हणजे याचीच मुलगी), वसा वसणाऱ्या नागकन्या-देवकन्या. "तो विचारतो, काय गं बायांनो, कसला वसा वसता, तो मला सांगा. त्या म्हणतात, तुला रे वसा कशाला हवा? उतशील, मातशील, घेतला वसा टाकून देशील."

तिथे मी थांबवलं. "वसा मागितला कोणी?"

"ब्राह्मणानं."

"त्यांनी लगेच दिला?"

"छे. आधी नाहीच म्हणाल्या. बजावून, वदवून घेतलं, मग दिला."

"आणि तुमच्या फोनवर?"

बराच वेळ गेला. "मी कुठे मागितला होता?" मग आवाज मोकळा झाला. "आणि मॅडम, राणीचंही शेवटी भलंच होतं. बहिणीकडे येते, कहाणी ऐकते, सगळं परत मिळतं. देव डूख धरत नाही."

हे वाक्य मी त्यांना देऊ शकले नसते. दिलं असतं तरी ते माझंच राहिलं असतं. या कामानं मला शिकवलं ते हेच: घरच्यांनी श्रद्धा आणि भीती दोन्हींवर एकाच वेळी हल्ला चढवला, म्हणून बाई श्रद्धा वाचवायला गेल्या आणि भीतीही जपून बसल्या. दोन्ही सुट्या केल्या की माणूस भीती स्वतःच टाकतो. श्रद्धा टाकायची त्याला गरजही पडत नाही.

मग एक छोटी गोष्ट ठरली. मेसेज पुसायचा नाही, पण सकाळपर्यंत पाठवायचाही नाही. फोन स्वयंपाकघरात ठेवायचा. त्रिपदी नेहमीसारखीच. 'न पाठवल्याबद्दल अकरा माळा' मात्र अजिबात नाहीत. अशी भरपाई केली की भीती फक्त कपडे बदलते. पहिली रात्र तळमळत गेली. पुढे हळूहळू झोप लागू लागली, आणि वही रद्दीत गेली.

मैत्रिणीला त्यांनी लिहिलं, 'तू पाठवलेलं दर्शन मी आवडीनं घेते. इतक्यांना पाठवा असं असेल ते पुढे पाठवत नाही, मला त्याचा त्रास होतो. तुझी खुशाली मात्र कळवत जा.' चार दिवस अबोला. मग फोन आला, "अगं, खालचं तर मी वाचतच नाही. फोटो छान दिसला की देते पाठवून!"

पाठवणाऱ्यांपैकी बरेचजण असेच असतात. म्हणून त्यांना भाषण देऊ नका, ग्रुपवर सर्वांसमोर तर नकोच. एकट्यात, मायेनं, आपला त्रास सांगा. आणि घरात कोणी असे मेसेज पाठवत असेल तर हसण्याआधी विचारा, 'न पाठवल्यावर काही झालं होतं का?' उत्तर ऐकून घ्या, मध्ये बोलू नका.

पाठवणं, मोजणं, पुन्हा पुन्हा तपासणं यात रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, किंवा तसंच हात धुण्याचं, कुलूप बघण्याचंही होत असेल, तर तो मंत्रचळ (ओसीडी) असू शकतो. तो आजार आहे आणि त्यावर चांगले उपचार आहेत. मनोविकारतज्ज्ञांना भेटा. कुठे जायचं सुचत नसेल तर सरकारची 'टेली मानस' ही निःशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे.