व्हेस्पा ९४६ आणि घरची चेतक

प्रश्न : व्हेस्पा ९४६ ही १९४६ सालच्या पहिल्या व्हेस्पाची प्रतिकृती आहे, असे ऐकले. ते कितपत खरे आहे? आमच्याकडे वडिलांची जुनी चेतक आहे. तिचे या स्कूटरशी काही नाते लागते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : तिला प्रतिकृती म्हणता येणार नाही. नावातला आकडा १९४६ वरून घेतलेला असला, तरी तिच्या आकाराचे मूळ पहिल्या व्हेस्पाच्याही आधीच्या, विक्रीस कधीच न आलेल्या एमपी-६ या नमुन्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीतील पोंतेदेरा येथील, व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्जो कंपनीचा विमान कारखाना बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झाल्यावर कंपनीचे प्रमुख एन्रिको पियाज्जो यांनी सामान्यांना परवडणारे वाहन काढायचे ठरवले. एमपी-५ हा आधीचा नमुना त्यांना पसंत पडला नाही आणि काम विमान अभियंता कोर्रादिनो द'आस्कानिओ यांच्याकडे आले. त्यांनी घडवलेला नमुना म्हणजेच एमपी-६. द'आस्कानिओंना मोटारसायकल मुळातच नावडती होती (हे एका अर्थी बरेच झाले). साखळीचे वंगण कपड्यांना लागू नये म्हणून त्यांनी इंजिन मागच्या चाकालगत बसवून साखळीच काढून टाकली, पंक्चर झालेले चाक चटकन निघावे म्हणून पुढचे चाक विमानाच्या चाकासारखे एकाच बाजूने धरले, गिअर हँडलवर आणला आणि वेगळी चौकट न ठेवता पत्र्याच्या बॉडीलाच भार पेलायला लावले.

यातील पत्र्याची भार पेलणारी बॉडी आणि एका बाजूने धरलेले पुढचे चाक ९४६मध्ये कायम आहे. मागे अधांतरी राहणारे आसन आणि शेपटाकडे निमुळती होत जाणारी रेषाही एमपी-६ची आठवण देते. मात्र पहिल्या व्हेस्पाचा दिवा पुढच्या मडगार्डवर होता, तो येथे हँडलवर आहे. बाजूची पॅनेल आणि मडगार्ड ॲल्युमिनियमचे आहेत. ९८ सीसीच्या टू-स्ट्रोक इंजिनाऐवजी १२५ किंवा १५० सीसीचे फोर-स्ट्रोक इंजिन आहे. डिस्क ब्रेकना एबीएसची (ब्रेक दाबताना चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची) जोड आहे, आणि गिअर बदलण्याचे काम तर उरलेलेच नाही.

आकार देखणा साधला आहे, यात शंका नाही. परंतु मूळ स्कूटरचा हेतू स्वस्ताईचा होता आणि तो येथे पूर्णपणे सुटला आहे. २०१६ साली या स्कूटरची अरमानी या फॅशन कंपनीच्या नावाची आवृत्ती भारतात आली, तेव्हा तिची किंमत १२ लाख रुपयांच्या वर होती.

चेतकचे नाते मात्र खरे आणि सरळ आहे. बजाजने पुण्याजवळच्या आकुर्डीत पियाज्जोच्या परवान्याखाली व्हेस्पा बनवल्या. तो करार १९७१ साली संपला आणि पुढच्याच वर्षी, व्हेस्पा स्प्रिंटच्या घडणीवर बेतलेली चेतक आली. हँडलवरचा गिअर, उजव्या बाजूचे इंजिन आणि पत्र्याची बॉडी हे सारे त्याच घराण्यातून आलेले आहे. त्यामुळे स्कूटर चालवण्याच्या रीतीपुरते बोलायचे, तर १९४६च्या व्हेस्पाला ९४६पेक्षा तुमच्या वडिलांची चेतक अधिक जवळची आहे.