गावच्या गाळ्यात बिअर शॉपी काढायची म्हणतात, सही करू का?

इंग्लंडमधल्या लेस्टरहून एका ताईंनी विचारलंय. गुहागर तालुक्यातल्या गावी, रस्त्याला लागून, सासऱ्यांनी बांधलेला गाळा आहे. पुतण्याला तिथे किराणा आणि सोबत बिअर शॉपी सुरू करायची आहे. ताईंचं तिकडे कोपऱ्यावरचं दुकान आहे, दारूविक्रीचा परवाना आहे, कधी तक्रार आलेली नाही. म्हणून पुतण्याचं म्हणणं, परवाना काकूंच्याच नावावर काढू.

ताई, गाळा द्यायचा की नाही ते घरात बोलून ठरवा. परवाना मात्र स्वतःच्या नावावर काढू नका.

आपल्याकडे परवाने वेगवेगळे असतात. वाइन शॉपला एफएल-2, परमिट रूमला एफएल-3, देशीच्या दुकानाला सीएल-3. सीलबंद बिअर आणि वाइन विकायची तर एफएल/बीआर-2, आणि पुतण्या बोलतोय तो हाच. वाइन शॉपचे नवे परवाने गेली कित्येक दशकं बंद आहेत, जुनेच हस्तांतरित होतात. तेव्हा 'नवीन वाइन शॉप काढून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही एक पैसा देऊ नका. किराणा आणि बाटल्या एकाच फळीवर मांडू, हेही डोक्यातून काढा. सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय जानेवारी 2022 मध्ये झाला होता, पण विरोध झाला आणि तो अमलात आलाच नाही.

जागेचं आधी बघा. शाळा आणि देवळापासून ठरावीक अंतर लागतं. रस्त्याचा प्रश्न वेगळाच. गुहागर-चिपळूण रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली, पुढे 20 हजारांपर्यंत वस्तीच्या ठिकाणी ते अंतर 220 मीटर केलं, आणि 2018 मध्ये ग्रामपंचायत हद्दीबाबत ठरवायची मोकळीक राज्यांना दिली. त्यामुळे 'अमक्याचं दुकान रस्त्यावरच आहे की' या बोलण्यावर विसंबू नका. राज्य उत्पादन शुल्कच्या रत्नागिरीच्या अधीक्षक कार्यालयातून तुमच्या गाळ्यापुरतं लेखी उत्तर मिळवा.

आणि गावातल्या बायकांना विचारा. हे मी मनापासून सांगतेय. एक चतुर्थांश महिला मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला ठरलेलं बहुमत मिळालं की दुकान बंद. भाडं बुडेल ते बुडेल, पण गणपतीला तुम्ही गावी उतराल तेव्हा त्याच घरांतून तुम्हाला जायचंय.

आता परवाना तुमच्या नावावर का नको, ते सांगते. तिकडे दारू विकत घ्यायला 18 वर्षांचा नियम आहे, आणि 25 पेक्षा लहान दिसणाऱ्याकडे ओळखपत्र मागायची पद्धत मुरलेली आहे. महाराष्ट्रात बिअर-वाइनला 21 पूर्ण लागतात, कडक दारूला 25. नियम आपला जास्त कडक आहे. पण लेस्टरच्या काउंटरवर अनोळखी पोरगा येतो. गावच्या काउंटरवर शेजारच्या आळीतला सोळा वर्षांचा मुलगा पिशवी घेऊन उभा राहील आणि म्हणेल, "काकांनू, बाबांनी सांगितलंय, दोन द्या." बाबा खरंच घरी बसलेत, पुतण्याचे वर्गमित्र आहेत, शिमग्याला पालखीला बरोबर खांदा देतात. तिथे "बाबांनाच पाठव" म्हणून त्याला रिकाम्या पिशवीनिशी परत पाठवायचं, हे सगळ्यात अवघड काम आहे. ते काम लेस्टरहून होत नाही. नोकरनामा, म्हणजे परवानाधारकाच्या वतीने विकायची लेखी मुभा, घेऊन माणूस ठेवता येतो, पण त्याने केलेल्या विक्रीला जबाबदार परवानाधारकच.

उधारीचंही तसंच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, खलाशांच्या हाती पैसा नसतो, आणि नेमकी तेव्हा वही उघडली जाते. नारळी पौर्णिमेनंतर होड्या सुटल्या की पहिली कमाई त्या वहीत जाते, घरी पोचतच नाही. साखर-तांदळाची उधारी द्यावी माणसाने, बाटलीची देऊ नये. पुतण्याला एवढं कबूल नसेल तर गाळा किराण्यापुरताच द्या.

कबूल असेल तर परवाना त्याच्या नावावर, गाळा तुमचा, आणि मध्ये नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स करार. वयाची खात्री, उधारी बंद, दुकानासमोर बसून पिणं बंद, गावच्या जत्रेच्या दिवशी शटर खाली, हे सगळं करारात लिहून घ्या. मोडलं तर गाळा रिकामा करायचा, हेही. सातबाऱ्यावर किंवा घरपट्टीवर दीरांची, नणंदांची नावं असतील तर त्यांची संमती आधी. तुम्ही परदेशात राहता, म्हणून भाड्यावर टीडीएस, म्हणजे भाडं देतानाच आयकर, कापायची जबाबदारी पुतण्यावर येईल, ते त्याला आजच सांगा. तिकडून कुलमुखत्यारपत्र पाठवणार असाल तर ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्याच्यावर मुद्रांक शुल्क भरायला हवं. आणि त्यात 'परवान्यासाठी अर्ज करणे' हे कलम घुसवलेलं नाही ना, ते स्वतः वाचून बघा. व्हॉट्सअॅपवर आलेल्या मसुद्यावर सही करून पाठवू नका.