पुढची जागा कुणाची?

चिरंजीव,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुम्ही मिळून उभ्या करत असलेल्या गटात कुणी लहानमोठं नसावं, पाखरांच्या थव्यासारखं सगळ्यांनी एकदिलानं चालावं, असं तू लिहिलं आहेस. कल्पना मला मनापासून आवडली, म्हणूनच ती पारखून घ्यावीशी वाटते. थवा दुरून पाहिला की नुसता एकोपा दिसतो. तो एकोपा कशावर तोलला आहे, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही, आणि तुला गरज आहे ती तेवढ्याचीच.

बाणाच्या टोकासारखी रांग धरून उडणारे करकोचे किंवा हंस आठव. उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाच्या टोकामागे हवेचा भोवरा तयार होतो आणि त्या भोवऱ्याच्या बाहेरच्या अंगाला हवा वर चढते. मागचा पक्षी नेमका तिथे पंख धरतो. त्याला आयता आधार मिळतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पेलिकन पक्ष्यांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले, तेव्हा रांगेत उडणाऱ्यांचे ठोके एकट्यानं उडणाऱ्यांपेक्षा कमी भरले. सगळ्यांत पुढच्या पक्ष्याला मात्र यातलं काहीच मिळत नाही. आपण त्याला पुढारी म्हणतो, मानाची जागा समजतो. पण ती कष्टाची जागा आहे.

मग तिथे जातं कोण? याचं उत्तर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आहे. माणसांनी वाढवलेले, ‘टकला शराटी’ जातीचे चौदा तरुण पक्षी मोटरवर चालणाऱ्या पॅराग्लायडरमागे स्थलांतराच्या वाटेवर नेले होते. वाट दाखवायला किंवा शिस्त लावायला त्यांच्यात एकही वडीलधारा पक्षी नव्हता. प्रत्येकाच्या पाठीवर बारीक यंत्र होतं, त्यामुळे कोण कधी कुणाच्या मागे होता याची नोंद राहिली. प्रत्येक पक्षी सरासरी ३२ टक्के वेळ दुसऱ्याच्या मागे राहून फायदा घेत होता, आणि ज्यानं जितका वेळ आधार घेतला जवळपास तितकाच वेळ तो पुढे राहिला. जोडीजोडीनं ते सारखे जागा बदलत होते. नुसतं मागे राहून फुकट प्रवास करणारा एकही पक्षी त्यांच्यात आढळला नाही.

या प्रयोगापाशी थोडा थांब. तो थवा तू एकाच क्षणी पाहिला असतास तर तुला विषमताच दिसली असती: एक जण झिजतोय, बाकीचे त्याच्या जिवावर उडताहेत. त्यांची समता दिसायला बराच वेळ बघत राहावं लागतं. तुमच्या गटातही कोणत्याही एका दिवशी कुणाच्या तरी अंगावर जास्त ओझं असणारच, ते टळणार नाही. तेच ओझं महिनोन्‌महिने त्याच खांद्यावर राहिलं, तर मात्र सगळे एकाच सतरंजीवर बसत असले तरी तिथे समता नाही. म्हणून पदं कुणाकडे आहेत ते मोजू नकोस. हिशेब लिहिणं, न आलेल्यांना फोन करणं, शेवटी थांबून आवरणं, या कामांची पाळी लिहून ठेव आणि ती खरंच फिरते का ते बघ.

पक्ष्यांत उतरंड नसते असं समजू नकोस. कोंबड्यांमध्ये कुणी कुणाला टोचायचं याचा पक्का क्रम असतो, हे श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या अभ्यासकानं १९२१ च्या सुमारास दाखवून दिलं. कबुतरांतही दाण्यापाशी दांडगाई चालते. पण २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं, की दाण्यापाशी जो वरचढ तो आकाशात पुढारी असेलच असं नाही. दोन्ही क्रमांचा एकमेकांशी संबंध लागला नाही. बैठकीत ज्याचा आवाज मोठा, त्याच्याच हाती प्रत्येक काम जायला लागलं की सावध हो. वाट ज्याला माहीत आहे त्यानं त्या वाटेपुरतं पुढे व्हावं.

एकोप्यासाठी सगळ्यांचं सगळ्यांशी जमलंच पाहिजे, ही तुझी काळजीही थोडी कमी कर. रोमच्या आकाशात संध्याकाळी हजारो स्टार्लिंग एका अंगानं वळतात. आपल्या भोरड्या आणि साळुंक्या यांच्याच कुळातला हा पक्षी. जॉर्जो पारिसी, ज्यांना पुढे २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही ज्या गटात होते त्या संशोधकांनी या थव्यांची छायाचित्रं घेऊन २००८ साली मांडलं, की प्रत्येक पक्षी आपल्या जवळच्या सहा-सात शेजाऱ्यांचंच भान ठेवतो. शेजारी हातभर अंतरावर असोत की बरेच लांब, संख्या तीच. त्यामुळे थवा विरळ झाला तरी तुटत नाही. प्रत्येकाला सहा-सात जणांची खरी खबर असली, तर गट मोठा झाला तरी निभावेल.

आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात पायांवर अंडं सांभाळणारे एम्परर पेंग्विन नर एकमेकांना चिकटून उभे राहतात. दर अर्ध्या-एक मिनिटानं ती गर्दी काही सेंटिमीटर सरकते. वाऱ्याच्या तोंडचे पक्षी कडेकडेनं आडोशाच्या बाजूला येतात, आणि मग त्यांच्या मागे इतर येऊन उभे राहिले की तेच मध्यभागी होतात. प्रत्येक जण स्वतःची ऊब शोधत असतो, तरी ती सगळ्यांना मिळते, कारण कुणीच एका जागी ठाण मांडत नाही. सगळी माणसं मोठ्या मनाची मिळाली तरच गट टिकेल, असं धरून चाललास तर तू लवकर निराश होशील. साधी, आपापल्या गरजा असलेली माणसंही नीट एकत्र राहू शकतील अशी व्यवस्था बसव.

एका बाबतीत मात्र पाखरांचं ऐकू नकोस. थव्यातून मागे पडलेल्या पक्ष्यासाठी थवा सहसा थांबत नाही. ससाण्याच्या तावडीतही बहुधा असाच एकटा पडलेला सापडतो. बैठकांना यायचा बंद झालेल्या ज्या मुलाबद्दल तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलं आहेस, त्याच्याकडे या आठवड्यात स्वतः जा. निरोप धाडू नकोस. तो का येत नाही ते ऐकून घे, लगेच समजावायला लागू नकोस, आणि काय म्हणाला ते मला कळव.

तुझा,
काका